बांधावरची परीक्षा

मी माझ्या थोरल्या भावाला शेताच्या बांधावर चालवून बघितलं, तो पडला नाही, आणि तेवढ्यावरून त्याचा मेंदू ठणठणीत आहे असं मी वहिनीला सांगून टाकलं. तो ठणठणीत नव्हता. त्याच आठवड्यात त्याची शुद्ध गेली.

हे वाचून कुणालाही वाटेल, असली परीक्षा घेणारा माणूस एकतर भगत असणार, नाहीतर भांग प्यायलेला. मी दोन्ही नव्हतो. मी शास्त्राच्या नोकरीत होतो. अजूनही आहे, म्हणजे त्यांनी अजून काढलेलं नाही.

शहापूरच्या अलीकडे, हायवेला लागून, औषधांवर संशोधन करणारी एक जागा आहे. तिथल्या प्राणीगृहात मी कामाला आहे. काम म्हणजे पिंजरे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, उंदरांच्या अंगाखाली वाफवलेला भाताचा तूस पसरायचा. गावाकडे मात्र मी सांगायचो, "मेंदूच्या संशोधनात आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. यकृतानं काम सोडलं की मेंदूचं काय होतं, हाच आमच्याकडचा विषय. त्यासाठी पांढऱ्या उंदराचं पोट उघडून त्याची पित्ताची नळी बांधतात आणि पोट पुन्हा शिवतात. काही आठवड्यांत उंदराचे कान पिवळे पडतात, पोट सुटतं, यकृत नासतं. मग जो अमोनिया यकृतानं रक्तातून काढून टाकायचा, तो तसाच डोक्यात जातो. उंदीर सुस्तावतो, विसरायला लागतो. यातल्या निम्म्या उंदरांना नवं औषध देतात, निम्म्यांना नाही, आणि दोघांत फरक पडतो का ते बघतात.

फरक बघायच्या रीती बऱ्याच आहेत, पण माझ्या वाट्याला आलेली रीत म्हणजे दांडी. लाकडाची एक अरुंद पट्टी उंचावर आडवी लावलेली असते. एका टोकाला उंदीर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला त्याचं घर, म्हणजे तुसानं भरलेला अंधारा डबा. उंदीर घराच्या ओढीनं दांडीवरून चालतो. ज्याचा मेंदू बिघडलाय त्याचा मागचा पाय घसरतो. मी उंदीर ठेवायचा, प्रयोग करणाऱ्या आमच्या सरांनी "घसरला" म्हणायचं, आणि मी मान हलवायची. मान हलवणं कामात नव्हतं, ते मीच वाढवून घेतलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, दोघांचा विचार झालाय.

आमचं गाव मुरबाडच्या बाजूला, धसईहून सिद्धगडाकडे जायला लागलं की लागतं. तिथं दादा आणि वहिनी राहतात. भात, त्यामागून वाल, दारात दोन बैल. दादा माझ्याशी आयुष्यात कधी सरळ बोलला नव्हता. मोटरसायकल अंगणात शिरली की ओट्यावरून आवाज यायचा, "आला गो, उंदरांचा मामा आला! मांजर बांधून ठेव!" पाहुणे बसलेले असले की त्याला जास्तच चेव चढायचा. "ह्याला बैलांचं शेन काढायची लाज वाटायची, म्हनून बानं शिकवला. आता उंदरांच्या लेंड्या काढतंय. शिक्षनाचा फायदा बघा." पाहुणे हसायचे, मीही हसायचो. निघताना हाच माणूस न विचारता गाडीला वालाची पिशवी बांधायचा आणि म्हणायचा, "ने. तुझ्या भाच्यांना नको घालू, तू खा."

त्याला यकृताचा आजार निघाला. कुठलीतरी जुनी कावीळ रक्तात राहून गेली होती आणि गुपचूप यकृत खात होती. भातकापणीनंतर पोटात पाणी झालं तेव्हा ते उघड झालं. गावानं एका दिवसात निकाल लावला: दारू. दादा हळदीच्या मांडवात दोन घोट घेणारा माणूस, पण पोट सुटलं आणि डोळे पिवळे झाले की आमच्याकडे दुसरं कारण कुणी शोधत नाही.

वहिनीला काविळीची माळ आणायची होती. डोंगरातल्या वाडीवर एक म्हातारा ती करून देतो. झाडपाल्याच्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची, ती हळूहळू लांब होत गळ्यात उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं म्हणतात. शिवाय तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतो. मी पोट धरून हसलो. म्हटलं, "वयनी, तो म्हातारा माझे हात धुईल तरी पाणी पिवळं होईल. हे काम माझ्यावर सोड. मी रोज हेच करतो."

तिनं सोडलं. मेंदूच्या संशोधनात असलेला दीर तिला एकच होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक चिकट, गोड, पातळ औषध दिलं. ते घेतलं की दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होतं, आणि त्यासाठीच ते असतं. आतड्यातला अमोनिया त्या वाटेनं बाहेर जातो. खाण्याचंही डॉक्टरांनी सांगितलं होतं: मीठ कमी, थोडं थोडं पण वरचेवर खा, उपाशी राहू नका. यातलं "मीठ कमी" माझ्या लक्षात राहिलं. बाकीचं मी आमच्या प्राणीगृहातून भरून काढलं. उंदराची तब्येत आणखी बिघडवायची असली की आम्ही त्याला अमोनिया वाढवणारं खाणं देतो. त्या खाण्याचे डबे मी स्वतःच्या हातानं भरले होते. मग मी हिशेब केला, की जे उंदराला दिल्यानं तो बिघडतो, त्याच्या जवळपासचं सगळं दादाचं बंद केलं की दादा सुधारेल. डाळ बंद. अंडं बंद. सुकट, बोंबील बंद. वाल बंद. घराबाहेर वाल शेंगांनी लगडलेला, आणि घरात त्याच्या मालकाला तांदळाची पेज आणि दुधी.

"भावजी," वहिनी एकदा म्हणाली, "अंगावरचं मांस उतारलं हो त्यांच्या. दंड बघा, काठीसारका झालाय."

"उतरू दे," मी म्हणालो. "मेंदू वाचतोय ना?"

मग एका रविवारी मी गेलो, तर मांजर बांधायची आरोळी आली नाही. दादा ओट्यावर बसला होता. मला बघून उठला. "या, बसा," म्हणाला. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"वाटंत तरास नाय ना झाला?" दादा म्हणाला. मग आत बघून, "अगो, साहेबांना च्या ठेव."

मी चहा घेतला. त्याला उंदरांची हकिकत सांगितली, दांडीची सांगितली, सरांनी माझ्या मान हलवण्याकडे कसं लक्ष दिलं तेही सांगितलं, जे त्यांनी कधीच दिलं नव्हतं. दादा हात गुडघ्यांवर ठेवून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "लय मोठं काम करता तुमी."

परतीच्या वाटेवर सरळगावच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि डोळे पुसले. आजारानं माणूस शहाणा होतो असं ऐकलं होतं, ते माझ्या घरात घडलं होतं. शहापूरला पोचल्यावर बायकोला म्हणालो, "दादा बदलला गं. मला साहेब म्हणाला." तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "अंगाला हात लावून बघितलात का? ताप असेल."

मला तिचा राग आला. माझं मोठेपण माझ्याच घरात कुणाला बघवत नाही, असं वाटलं.

पुढच्या खेपेला वहिनीकडे सांगायला पुष्कळ होतं. दादा दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा असतो. कोयता तांदळाच्या डब्यात ठेवतो. बैलाच्या दाव्याची गाठ मारायला बसला आणि दावं हातात घेऊन तसाच बसून राहिला, गाठ कशी मारतात ते आठवेना. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते एकच होतं: अशक्तपणा. शेवटी ती म्हणाली, "आनि ते पातळ औशद घेत नायत. सारखं परसाकडं जावं लागतं, शेजारपाजार बगतो, म्हनतात. तुमी तरी सांगा. तुमचं मान्तील."

इथं सांगून टाकायला हवं होतं. घे म्हणायचं होतं, एवढंच. पण ज्याला नुकतंच साहेब म्हटलंय त्या माणसाला नुसतं "औषध घे" असं म्हणणं हलकं वाटतं. त्यापेक्षा शास्त्रीय पद्धतीनं बघू, म्हटलं. मेंदूत बिघाड असेल तर औषध. नसेल तर उगाच माणसाला जुलाब कशाला?

घरामागे आमच्या दोन शेतांमध्ये एक बांध आहे, जेमतेम पाऊल मावेल एवढा. दोन्ही बाजूंना वाल. मी एका टोकाला दादाला उभं केलं. दांडीच्या दुसऱ्या टोकाला उंदराचं घर असतं, म्हणून बांधाच्या दुसऱ्या टोकाला मी वहिनीला उभं केलं.

"हे काय चाल्लंय?" वहिनीनं तिकडून विचारलं.

"तपासणी," मी म्हणालो.

दादानं कसलाही प्रश्न विचारला नाही. त्याच्यासारख्या माणसानं प्रश्न विचारू नये यातच सगळं आलं होतं, पण मला वाटलं, सहकार्य करतोय. त्यानं लुंगी वर खोचली आणि अनवाणी चालायला लागला. सरळ, एका लयीत. मधे पाणी जायला बांध तोडलेला आहे, तिथं त्यानं खाली न बघता लांब टांग टाकली आणि पुढं गेला. पाय एकदाही घसरला नाही. मी परीक्षक म्हणून मागून चाललो होतो. त्या तुटक्या जागेवर माझा पाय सटकला आणि मी वालात आडवा झालो.

दादा मागे आला, मला हात दिला. "लागलं का साहेब?"

मी अंगावरची माती झटकत जाहीर केलं, की मेंदू शाबूत आहे.

"मंग औशद?" वहिनी म्हणाली.

"राहू दे थोडे दिवस. जुलाबांनी थकलाय तो."

पुढे मी याचा इतक्यांदा विचार केलाय की तो बांध मला डोळे मिटूनही दिसतो. आमचा उंदीर दांडीवर चढतो तेव्हा ती त्याच्या जन्मात नवी असते. दादा त्या बांधावरून चालायला लागला तेव्हा मी जन्मलो नव्हतो. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, डोक्यावर भाताच्या रोपांच्या मुठी घेऊन, पाऊस डोळ्यांत मारत असताना तो तिथून गेलाय. ती वाट त्याच्या पायांना ठाऊक होती, त्यासाठी डोक्याची गरज नव्हती. आणि ज्या एका गोष्टीनं कळलं असतं, ती डॉक्टरांनी माझ्यासमोर करून दाखवली होती. एसटीला थांबवायला हात करतो तसे दोन्ही पंजे पुढे धरायचे. अमोनिया डोक्यात गेला असेल तर पंजे धरून राहत नाहीत, पाखराच्या पंखासारखे फडफडतात. मी ते बघितलं होतं आणि विसरलो होतो, कारण आमच्या उंदरांत ते कधी दिसत नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात उंदीर होता. सर म्हणाले, "घे फोन." मी उंदीर डब्यात ठेवला.

"भावजी, धसईला या." मागे बाजाराचा गलका होता. "हट्टानं शेंगा घेऊन आलं बाजारात. बसल्या जागी सगळ्या शेंगा फुकट वाटल्या, येईल त्याला नमस्कार करीत. आता आडवं झाल्यात. लोकं म्हंतात पिलाय. मी तोंडाचा वास घेऊन बगितला हो, नाय पिले." मग तिनं आवाज खाली आणला. "मला इचारलं, बाई, तुमी कुनाच्या?"

किन्हवलीवरून सरळगाव, तिथून धसई. त्या रस्त्यावर मी मनातल्या मनात दादाला जेवढी औषधं पाजली तेवढी कुठल्या दवाखान्यात नसतील. प्रत्येक वळणावर मला तो बांध दिसत होता आणि त्यावरून न घसरता जाणारे त्याचे पाय दिसत होते, आणि मला वाटत होतं, एकदा तरी घसरायचास रे.

एका किराणा दुकानाच्या ओट्यावर, पोत्यांवर तो पडला होता. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सभोवती माणसं, कुणीतरी तोंडावर पाणी मारलेलं. "दादा," मी म्हणालो. काही नाही. मग मी भर बाजारात, बघ्यांच्या देखत, तेच केलं जे मला येतं. खोल गेलेल्या उंदराची शेपटी चिमटीत दाबतात, तो ओढून घेतो का बघायला. मी दादाच्या पायाचा अंगठा धरला आणि जीव खाऊन दाबला. त्यानं पाय ओढला नाही.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझी परीक्षा बरोबर होती. ही पायरी मला नीट ओळखता येते. आमच्याकडे उंदीर या पायरीला आला की सर हळू आवाजात म्हणतात, "ह्याला काढा आता." मग त्याला पुन्हा पिंजऱ्यात ठेवत नाहीत.

जीपनं मुरबाड, आणि मुरबाडहून अँब्युलन्सनं ठाण्याकडच्या मोठ्या दवाखान्यात. वाटेत दादा मधेच हात झाडायचा, कुणालातरी शेताबाहेर हाकलल्यासारखा, आणि पुन्हा निपचित व्हायचा. वहिनी सगळा वेळ त्याचे पाय धरून बसली होती. 

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, भराभर विचारत होत्या. पातळ औषध शेवटचं कधी घेतलं? वहिनी म्हणाली, बंद केलं. कुणी बंद केलं? वहिनीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे आधी त्याची तपासणी केली होती. बांधावर."

"कशावर?"

"बांधावर चालवून बघितलं. आमच्याकडे उंदरांना दांडीवर चालवतात. दांडी नव्हती, म्हणून."

त्यांचं लिहिणं थांबलं. "जेवण काय चालू होतं?"

मी सांगितलं. डाळ बंद, अंडं बंद, मासळी बंद. उंदरांना काय देतात आणि त्यावरून मी काय ताडलं तेही सांगितलं, कारण आता थांबायचं कुठं ते कळेना. त्यांनी दादाचा दंड उचलून मला दाखवला. कातडी हाडाला लोंबत होती.

"लिव्हर थकली की अमोनियाचा थोडा भार हे मांस उचलतं," त्या म्हणाल्या. "उपाशी ठेवून तुम्ही ते काढून घेतलंत. आणि औषध बंद करून बाहेर जायची वाट बुजवलीत."

आवाज चढला नव्हता. त्यांना पुढचा पेशंट होता.

नाकातून नळी घालून औषध सुरू झालं, खालूनही दिलं. तो किती वर येईल, येईल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. पहिला दिवस गेला. तो वर आला नाही.

मग मी कामावर गेलो. नोकरीची काळजी म्हणून नाही, मला सरांना गाठायचं होतं. आमच्या फ्रीजमध्ये त्या नव्या औषधाच्या बाटल्या होत्या. ते दिलेले उंदीर दांडीवर कमी घसरतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि मान हलवली होती.

"सर, आपलं ते औषध," मी म्हणालो. "माणसाला दिलं तर?"

सरांना सगळं सांगितलं. बांधाचंही. ते हसले नाहीत. खाद्याच्या गोणीवर बसले आणि मलाही बस म्हणाले.

"हे बघ. आपल्या प्रत्येक उंदराची नळी कधी बांधली, मला माहीत आहे. कारण मीच बांधली. औषध कधी सुरू करायचं, तेही मी आधी ठरवलेलं असतं. तुझ्या भावाच्या आत हे केव्हा सुरू झालं, कुणाला माहीत आहे? आणि हे उंदीर बेशुद्ध नसतात. थोडे मंदावलेले असतात, एवढंच. आपण फक्त ती पहिली पायरी बघतो. तुझा भाऊ फार पुढं गेलाय. तिथं पोचलेला उंदीर आपण ठेवतच नाही."

"मग आपण हे करतो कशाला?"

"कधीतरी कुणाच्यातरी उपयोगी पडेल म्हणून."

"कधी?"

 सरांना कुणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले.

फ्रीजला कुलूप नसतं. माझा जेवणाचा डबा रिकामा होता, बाटली त्यात सहज बसली असती. मी फ्रीजच्या मुठीवर हात ठेवला. मनात नकाशाही तयार झाला: डॉक्टरबाई जेवायला जातात तेव्हा, वहिनी पाणी आणायला जाते तेव्हा, नळीतून. मी प्रामाणिक आहे म्हणून थांबलो असं लिहायला मला आवडेल. मी थांबलो, कारण मुठीवर ठेवलेला तो हात कुणाचा आहे ते माझ्या लक्षात आलं. वाल बंद करणारा तोच, औषध बंद करणारा तोच. या हाताचा दादावर आणखी एक प्रयोग झाला असता. मी हात काढून घेतला आणि मग तो ठेवायचा कुठं ते कळेना, म्हणून पिंजरे धुवायला लागलो.

दुपारी सरांनी दांडी लावायला सांगितली. पिवळ्या कानांचा, पोट सुटलेला एक उंदीर होता. मी त्याला दांडीवर ठेवला. तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग चालायला लागला, पोट दांडीला घासत, आणि न घसरता डब्यात शिरला. "चांगला गेला," सर म्हणाले. मी मान हलवली नाही.

वॉर्डात परत आलो तर वहिनी उठून उभी राहिली. "बसा भावजी," म्हणाली. "दमला असाल. च्या आनू का?"

 मला ती कधी बसा म्हणत नाही. "सरकून घ्या तिकडं" म्हणते.

"वयनी, बोल मला काहीतरी," मी म्हणालो. "शिव्या दे."

तिनं दादाच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तुमाला काय शिव्या देऊ? मलाबी कळत व्हतं. ज्या दिवशी त्यांनी तुमाला साहेब म्हटलं ना, त्याच दिवशी मला कळलं, ह्यांच्या डोक्यात काहीतरी बिगाडलंय. म्हटलं, भावजींना तर कळंलच. ते उंदरं बघतात." ती माझ्याकडे वळली. "तुमाला खरंच वाटलं व्हतं, ते तुमाला साहेब म्हंतील?"

मी दादाची चादर नीट करायला लागलो.

उशीखाली माझ्या हाताला काड्या लागल्या. माळ होती. गावाकडून कुणाच्यातरी हाती मागवली असणार. वहिनीनं बघितलं, की मी बघितलंय. मी हसलो नाही. सिस्टरला दिसू नये म्हणून उशीच्या आत आणखी सरकवली. आणि खरं सांगायचं तर, त्यानंतर ती जेव्हा जेव्हा बाहेर गेली, तेव्हा तेव्हा मी उशी उचलून माळ लांब झालीय का ते बघितलं. नक्की कळत नव्हतं. एकदा वाटलं, झालीय.

दुसऱ्याही दिवशी तो तसाच होता. मला आता फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा डोळे उघडून मला ओळखावं. बरा होईल, शेतात जाईल, ते मागायची माझी हिंमत उरली नव्हती.

त्यानंतरच्या सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. वरच्या पंख्याकडे बघत होता. वहिनीनं तोंडात पदर धरला. डॉक्टरबाईंनी मला मागे उभं राहायला सांगितलं, कसलीही खूण करायची नाही म्हणाल्या, आणि त्याला विचारायला लागल्या.

"काका, आज वार कोणता?"

दादानं बराच विचार केला. "बाजाराचा," म्हणाला. बाजार नव्हता.

"आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"धसईला."

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी वहिनीकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती.

"हात पुढे करा. एसटीला करतो तसे." त्यानं केले. पंजे फडफडले, मग थोडे थांबले, मग पुन्हा फडफडले. त्या पंजांकडे बघवत नव्हतं आणि मी पापणी न हलवता बघत होतो.

"ह्या कोण?"

"बायको." यायला वेळ लागला, पण आलं. 

मग डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हे?"

दादानं मान वळवली. माझ्याकडे बघत राहिला. वर-खाली बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं आता नमस्कार करतोय, आता साहेब म्हणतोय. पलंगाच्या कडेची लोखंडी दांडी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ह्यो?" दादा म्हणाला. जीभ जड होती, एकेक शब्द ओढून काढत होता. "ह्यो उंदरांचा मामा. ह्याला मला हात लावू देऊ नका बाई, मानसातलं काय कळत नाय त्याला."